मुंबई मॅरेथॉनसाठी शनिवार-रविवारची फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जानेवारीत सांगली-मिरजेकडून आमचा गट राजधानीत धावायला जातो. दिवाळी उलटली की फोन आणि मेसेज सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून हे एका जागी लिहून काढलं आहे. सराव कसा करावा हे इथे नाही. प्रवास, मुक्काम आणि त्या दोन दिवसांचं वेळेचं गणित एवढंच आहे. पाच-सहा महिन्यांच्या मेहनतीची माती शनिवारच्या वणवणीत होताना मी बऱ्याचदा पाहिली आहे, त्यामुळे शनिवारबद्दल जरा जास्तच लिहिलं गेलं आहे.

१. मॅरेथॉन नक्की कधी असते? किती दिवस काढावे लागतील?

जानेवारीचा तिसरा रविवार. २००४ साली पहिली स्पर्धा फेब्रुवारीत झाली होती, पण आता तिसरा रविवार हे समीकरण पक्कं झालं आहे. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हाफ म्हणजे २१.०९७, शिवाय १० किलोमीटर, ड्रीम रन (हौसेची छोटी धाव), ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांगांची धाव असते.

पुणे-नाशिककरांना शनिवार-रविवार पुरतो. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, संभाजीनगर, कोकण इकडच्यांनी शुक्रवारी रात्री निघावं. नागपूर-अमरावतीकडच्यांनी शुक्रवारचीच रजा टाकलेली बरी. परतल्यावर सोमवारी कामावर जाता येतं, पण फुल धावणाऱ्याने सोमवारची अर्धी रजा मागून ठेवावी. जिने उतरताना त्याचं कारण कळतं.

२. बिब रविवारी पहाटे जागेवरच मिळत नाही का?

नाही. हे सगळ्यात आधी मनात पक्कं करा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर आणि त्याच्यासोबतची वेळ मोजणारी चिप, धावेच्या आधीच्या गुरुवार ते शनिवार या तीन दिवसांत भरणाऱ्या प्रदर्शनातच मिळतो. गेली काही वर्षं हे प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत भरतं. येताना नोंदणीचं पुष्टीपत्र आणि मूळ ओळखपत्र आणायचं. दर वर्षी कुणीतरी आधारचा मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालताना दिसतं आणि मागची रांग तेवढी खोळंबते.

दुसऱ्याने तुमच्या वतीने बिब घेण्याबाबत पुष्टीपत्रावर जे लिहिलेलं असतं तेवढंच चालतं. "कुणीतरी आणेलच" या भरवशावर प्रवास आखू नका.

३. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून थेट धावायला पोचलो तर लॉजचा खर्च वाचेल. चालेल का?

चालणार नाही, दोन कारणांनी. पहिलं कारण प्रश्न २ मध्ये आहे. दुसरं म्हणजे फुल आणि हाफ दोन्ही पहाटे ५ वाजता सुटतात. कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) लागते तेव्हा सात वाजून गेलेले असतात. तोवर लोक हाफचा बराचसा रस्ता कापून गेलेले असतात.

४. रेल्वेचं आरक्षण कधी करायचं? कुठली गाडी बरी?

नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आहे. धाव १८ जानेवारीला असेल तर १७ तारखेच्या गाडीचं आरक्षण १८ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडतं. १६ तारखेला निघणार असाल तर १७ नोव्हेंबर. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, कारण संक्रांतीला गावी गेलेली माणसं त्याच शनिवार-रविवारी मुंबईला परतत असतात. वेटिंग तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, त्यामुळे "होईल कन्फर्म" म्हणत बसू नका.

पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते आणि दादरला थांबते. बीकेसीला जायला दादर सोयीचं. नाशिककरांना पंचवटी. सोलापूरहून सिद्धेश्वर, कोल्हापूर-सांगलीकडून महालक्ष्मी, गोवा-कोकणातून कोकणकन्या, विदर्भातून विदर्भ एक्स्प्रेस, या सगळ्या रात्रीच्या गाड्या सीएसएमटीला येतात. रात्रीच्या प्रवासात झोप अर्धीच होते, पण ती शुक्रवारची असल्याने शनिवारी दुपारी भरून काढता येते. शनिवार रात्रीची झोप कुणालाच नीट लागत नाही. म्हणून शुक्रवारी खालचा बर्थ मिळवण्यासाठी धडपडा.

५. मुक्काम कुठे करावा?

तुम्ही काय धावताय त्यावर. फुल आणि १० किलोमीटर सीएसएमटीहून सुटतात, हाफ माहीमच्या रेतीबंदरहून. दोन्हींमध्ये १२-१३ किलोमीटरचं अंतर आहे आणि त्या पहाटे रस्ते बंद होत जातात. निव्वळ "मुंबईत लॉज" शोधू नका, तुमच्या सुरुवातीच्या रेषेपासून चालत किती, ते बघा.

फुलवाल्यांनी फोर्ट, बोरीबंदर, मेट्रो सिनेमा, मरीन लाइन्स या पट्ट्यात बघावं. खोल्या लहान, जिने अरुंद आणि भाडं जास्त असतं. पण पहाटे चारला उठून दहा मिनिटांत चालत पोचण्याची किंमत धरली तर ते महाग नाही. सीएसएमटी स्टेशनातच रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर त्या ऑनलाइन मिळतात, पण मोजक्याच आहेत.

हाफवाल्यांनी दादर, माटुंगा पश्चिम, माहीम इकडे राहावं. धाव संपते सीएसएमटी-आझाद मैदान भागात, त्यामुळे परतताना लोकलने दादरला येऊन आंघोळ करून गाडी पकडता येते.

चौघे मिळून एक खोली घेणार असाल तर एक विनंती: फुलवाले आणि हाफवाले वेगळे करा. गजर वेगवेगळ्या वेळी वाजतात.

६. ठाण्याला (वाशीला, डोंबिवलीला, विरारला) मावशी राहते. तिच्याकडे उतरलो तर?

मावशीकडे शुक्रवारी उतरा, जेवा, शनिवारी दुपारी निघून सुरुवातीच्या रेषेजवळ मुक्कामाला या. मी पहिल्या वर्षी नवी मुंबईत नातलगांकडे राहिलो होतो. पहाटे पावणेतीनला टॅक्सी बोलावली, ती आली नाही. दुसरी मिळाली, तिने बंद रस्त्यापाशी उतरवलं. पुढचे चार किलोमीटर मी पळतच गेलो आणि मॅरेथॉन तिथून सुरू केली. ३० किलोमीटरनंतर त्या चार किलोमीटरांचा हिशेब पायांनी चुकता केला.

मावशीकडेच राहायचं असेल तर विशेष लोकलवर भिस्त ठेवा. ते प्रश्न ११ मध्ये आहे.

७. आमदार निवासात सोय होईल का?

हा प्रश्न जिल्ह्याच्या गावांतून हमखास येतो. नरिमन पॉइंटचं आकाशवाणी आमदार निवास फुलच्या सुरुवातीपासून फार लांब नाही. आमदारांचं पत्र लागतं आणि खोली त्यांच्या नावावर असते. अधिवेशन नसलं तरी गर्दी असते. पत्र मिळालं तरी आयत्या वेळी सतरंजीवर सहा जण झोपायची वेळ येऊ शकते. मुंबईत कामासाठी आलेल्या माणसाला ते चालून जातं. दुसऱ्या दिवशी ४२ किलोमीटर धावणाऱ्याने तरी हा धोका पत्करू नये.

८. बीकेसीला कसं जायचं? स्टेशनबाहेर रिक्षा मिळेल ना?

सीएसएमटी किंवा दादरबाहेर रिक्षा मिळणार नाही. माहीम-शीवच्या दक्षिणेला मुंबईत रिक्षा चालतच नाहीत, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. बाहेरगावची माणसं इथे हमखास चकतात.

सगळ्यात सोपं म्हणजे भुयारी मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, त्यामुळे सीएसएमटीला चढून थेट बीकेसी स्टेशनला उतरता येतं, गाडी बदलायची गरज नाही. दादरचंही स्टेशन याच मार्गावर आहे. विमानाने येणाऱ्यांना विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलपाशी हीच मेट्रो मिळते. लोकलने आलात तर वांद्रे किंवा कुर्ल्याला उतरून तिथून रिक्षा किंवा बेस्टची बस.

शनिवारी दहा-साडेदहाला पोचा. दुपारी एकनंतर सगळा महाराष्ट्र तिथे लोटतो. आत बूट, चष्मे, जेल, मोजे यांचे स्टॉल असतात. बघा, पण नवे बूट किंवा नवे मोजे रविवारी घालायला घेऊ नका. बिब घेतल्यावर तिथेच नाव, नंबर आणि चिप तपासा. दुरुस्ती तिथेच होते.

९. एवढं मुंबईला आलोय तर शनिवारी गेटवे, राणीची बाग, जुहू बघून घेऊ का?

घरचे बघू देत. तुम्ही बीकेसीहून निघालात की जेवा आणि झोपा. मुंबईत "जवळच आहे" म्हणत माणूस दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालतो: पूल, जिने, प्लॅटफॉर्म, सबवे. आमच्या गटातल्या एका मुलाने हे ऐकलं नाही. शनिवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर तो खुशीत होता. रविवारी हाजी अलीच्या अलीकडे त्याच्या पोटऱ्या आखडल्या.

मुंबई बघायचीच असेल तर ती रविवारी आपोआप दिसते. फुलचा मार्ग हुतात्मा चौक, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंक, माहीम, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक असा राजधानीचा कणा धरून जात आला आहे. थोडेफार बदल होतात, त्या वर्षीचा नकाशा बघून घ्या. सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी असते. पहाटेच्या अंधारात त्या ५.६ किलोमीटरच्या पुलावर गाडीचा एकही आवाज नसतो, फक्त हजारो बुटांची चपचप आणि खालून खारा वारा. त्यासाठी शनिवारची संध्याकाळ खोलीत काढायला माझी कधीच हरकत नसते.

१०. शनिवारी रात्री काय आणि कुठे जेवावं?

घरी लांब पळण्याच्या आदल्या रात्री जे खाता तेच. वरणभात, दहीभात, इडली, साधी खिचडी. हाफवाल्यांना माटुंग्याची उडुपी हॉटेलं हाताशी आहेत. फोर्टमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो ऑफिसांचा भाग आहे. शनिवार संध्याकाळ आणि रविवारी बरीच हॉटेलं बंद असतात. सातच्या आत जेवा आणि येतानाच सकाळची केळी, पाव, पाणी घेऊन या. पहाटे साडेतीनला काही उघडं सापडत नाही. वडापाव, मिसळ, बोंबील सगळं रविवारी दुपारी.

११. रविवारी पहाटे सुरुवातीला पोचायचं कसं?

जवळ राहत असाल तर चालत. नाहीतर लोकलने. मॅरेथॉनच्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे विशेष लोकल सोडते. मध्य मार्गावर कल्याण आणि पनवेलहून साधारण तीनच्या सुमारास सुटून साडेचारपर्यंत सीएसएमटीला पोचणाऱ्या गाड्या आजवर असत आल्या आहेत. त्या वर्षीच्या वेळा चार-पाच दिवस आधी जाहीर होतात. मेट्रो ३ची पहिली गाडी नेहमीच्या वेळापत्रकात पाचच्या आत नसते; विशेष फेऱ्या जाहीर झाल्या तरच तिचा विचार करा. हाफवाल्यांना माहीम स्टेशन, तिथून रेतीबंदरपर्यंत चालत. अंधारात वाट विचारायची गरज पडत नाही, सगळे बूट घातलेले लोक एकाच दिशेने जात असतात.

साडेचारच्या आत आपल्या विभागात उभं राहायचं. शौचालयाच्या रांगा लांब असतात, तेवढा वेळ धरून निघा.

बिब रात्रीच लावा. बनियन पलंगावर पसरून चारही कोपऱ्यांना पिना, आणि मग एकदा अंगात घालून हात वर-खाली करून बघा. पलंगावर सपाट दिसणारा बिब अंगावर आल्यावर छातीपाशी ताणतो आणि २० किलोमीटरनंतर त्याची कड कातडी सोलते. दोन पिना जास्तीच्या ठेवा, कुणाला तरी लागतातच.

१२. जानेवारी आहे, थंडी असेल ना?

पहाटे हवा गार वाटते, पण सांगली-नाशिकची थंडी तिथे नाही. दमटपणा आहे. सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि नऊनंतर ऊन चटकायला लागतं. चार तासांहून जास्त लागणार असतील तर टोपी घ्या. स्वेटर आणूच नका.

१३. घरच्यांनी कुठे उभं राहावं? फक्त बघायला आलो तर काय दिसेल?

शिवाजी पार्क, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह. परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ फुलवाल्यांना तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर लागत आला आहे, आणि आपलं माणूस नेमकं तिथे दिसलं तर पाय पुन्हा चालायला लागतात. मुंबईची माणसं इथे जे करतात त्याला तोड नाही. संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ-साखर, गूळ घेऊन घरचे सगळे फुटपाथवर उभे असतात. एकदा शिवाजी पार्कापाशी एका आजींनी स्टीलच्या ताटलीतली मीठ लावलेली काकडी माझ्या हातावर ठेवली आणि बिबवरचं नाव वाचून "पळ बाळा" म्हणाल्या. मी तेव्हा ४६ वर्षांचा होतो.

अव्वल धावपटू सकाळी सव्वासात-साडेसातच्या सुमारास सुटतात आणि साडेनऊच्या आसपास संपवतात. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३मध्ये २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत हे अंतर कापलं. तो वेग टीव्हीवर कळत नाही. दोन फुटांवरून जातो तेव्हा कळतो. मुलांना हे जरूर दाखवा. आणि मागून येणाऱ्या भारतीय मुलींसाठीही थांबा. २०१७मध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ज्योती गवते परभणीची.

धावपटू जात असताना रस्ता ओलांडता येत नाही. सीएसएमटी आणि चर्चगेटच्या सबवेतून पलीकडे जा. भेटायची जागा शेवटच्या रेषेपाशी ठरवू नका, तिथे कुणी कुणाला सापडत नाही आणि फोनही लागत नाहीत. थोडं बाहेरचं, ठळक ठिकाण ठरवा.

१४. लॉज सोडल्यावर सामान कुठे ठेवायचं?

आधी लॉजवाल्यालाच विचारा, दुपारपर्यंत बहुतेक ठेवतात. नाहीतर सीएसएमटी, दादर इथे रेल्वेचं क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप घरून आणा. स्पर्धेच्या ठिकाणी जमा केलेल्या पिशवीत कोरडा टी-शर्ट आणि चप्पल एवढंच ठेवा.

१५. परतीची गाडी किती वाजताची घ्यावी?

हाफवाल्यांनी दुपारी दोननंतरची, फुलवाल्यांनी चारनंतरची. पुणेकरांना सीएसएमटीहून ५.१०ची डेक्कन क्वीन अगदी मापात बसते. आम्ही रात्रीची महालक्ष्मी घेतो, त्यामुळे गिरगावात निवांत मिसळ खाता येते. दक्षिण मुंबईतले रस्ते दुपारपर्यंत बंद असतात, म्हणून स्टेशनपर्यंत टॅक्सीचा विचार करू नका. रविवारी लोकलचा मेगाब्लॉकही असू शकतो. शनिवारीच बघून ठेवा.

१६. मध्येच सोडावं लागलं तर परत कसं यायचं?

लाज वाटून घेऊ नका. वेळेची मर्यादा संपली की मागून बस येते. स्वतःहून थांबायचं असेल तर पश्चिम रेल्वे मार्गाच्या फार दूर नाही: वांद्रे, माहीम, दादर, प्रभादेवी, महालक्ष्मी, चर्नी रोड. खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शंभराची नोट ठेवा. अडचण फक्त सी लिंकवर. चढलात की मध्ये बाहेर पडायला वाट नाही. पोटात गडबड किंवा गुडघ्यात कळ असेल तर पुलाआधीच थांबून ठरवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र जिथे असाल तिथे बसा आणि स्वयंसेवकाला हाक मारा.

१७. मित्राला जमत नाही, त्याच्या बिबवर मी धावू का?

नको. नियमात बसत नाही, आणि खरं कारण त्याहून गंभीर आहे. तुम्ही कोसळलात तर डॉक्टरांच्या हातात मित्राचं नाव, मित्राचा रक्तगट आणि मित्राच्या बायकोचा फोन नंबर असतो.

१८. नोंदणी माहेरच्या नावाने झाली, आधारवर सासरचं नाव आहे. अडवतील का?

शनिवारपर्यंत थांबू नका. पुष्टीपत्र आलं की लगेच आयोजकांना ईमेल करून उत्तर लेखी घ्या. त्याची छापील प्रत आणि दोन्ही नावं जोडणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत, सोबत ठेवा. खिडकीवरच्या मुलामुलींशी भांडून उपयोग नसतो, चौकशीचा वेगळा टेबल शोधा.

१९. मी फुल, बायको हाफ. एकाच खोलीत राहायचं तर कुठे?

दादरला नको, सीएसएमटीलाच. ऐकायला उलटं वाटतं, पण दोघांची धाव तिथे संपते, सामान तिथे राहतं आणि फुलवाल्याला पहाटे चालत जाता येतं. वहिनींना माहीमला पोचवायला विशेष लोकल बघा किंवा त्यांच्यासारख्या दोघी-तिघी मिळून आदल्या रात्रीच टॅक्सी ठरवा, साडेतीनला निघणारी. मागे अशा एका जोडप्याने उलट केलं, दादरला राहिले. हाफ संपवून आलेली ती तीन तास किल्लीसाठी आझाद मैदानाबाहेर बसून होती. किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा पेडर रोडच्या चढावर.

२०. शनिवारी ताप आला. बिब घेतलाय, तिकीट आहे, लॉज आहे. धावू का?

धावू नका. ताप अंगात असताना एवढं अंतर धावणं हृदयासाठी धोक्याचं असतं, गोळी घेऊन तो उतरवला तरीही. फी परत मिळत नाही हे खरं आहे. टी-शर्ट ठेवा, खोलीत झोपून राहा, आणि सकाळी बरं वाटलं तर शिवाजी पार्कला संत्री घेऊन उभे राहा.